उतरत्या धगीचा पाव

४ फेब्रुवारी

आत्या,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या ओळखीचं नसेल. मी भिंगरी, तुझी भाची. तू गाव सोडलंस तेव्हा आठ वर्षांची होते आणि पुढचे दोन दात पडलेले होते. आता सत्तावीस पूर्ण झाली, दात सगळे जागेवर आहेत. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तुझा पत्ता मिळाला आई गेली तेव्हा तू पाठवलेल्या दोन ओळींच्या कार्डावरून. कार्ड माझ्या एकटीच्या नावे होतं, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

काम साधं आहे. आजी करायची तो ओटचा पाव मला करून बघायचाय. तो आजीकडून तू शिकलीस असं ऐकलंय. आमच्या स्वयंपाकघरात गॅसची लहान भट्टी आहे, एका वेळी दोन पाव मावतात. बाजारात मिळतो तो ओटचा पाव म्हणजे वर चार दाणे भुरभुरलेला कापूस. मला खरा हवाय. किती पाणी, किती पीठ, किती वेळ, सगळं लिही. मला स्वयंपाकातलं फार कळत नाही असं धरून लिही, कारण ते खरंच आहे.

सहज हौस म्हणून विचारतेय. रविवारी करायला काहीतरी हवं ना?

बाबा बरे आहेत.

भिंगरी

१० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा आनंदानं, एकदा संशयानं, आणि एकदा चष्मा पुसून. सत्तावीस वर्षांची बाई एकोणीस वर्षांनी आत्याला पत्र लिहिते आणि विचारते काय, तर पाव! बरं केलंस. तब्येतीची चौकशी करणारी पत्रं मी फाडून टाकते.

पण हौस म्हणू नकोस. पाव ही हौस नाही. माणसांनी राजवाडे पाडले ते भाषणं ऐकून नाही, पाव नव्हता म्हणून. आणि हे जन्मभर भाषणं केलेली बाई सांगतेय.

ऐक. एक वाटी ओट घे. त्यावर दोन वाट्या उकळतं पाणी ओत आणि झाकून ठेव. ओट पाणी पितात, घाई केलेली त्यांना चालत नाही. त्यात दोन चमचे मध आणि लोण्याचा लिंबाएवढा गोळा घाल. मग थांब. करंगळी बुडव. दहा आकडे सावकाश मोजून होईपर्यंत बोट आत ठेवता आलं, तरच पुढे जा. चमचाभर यीस्ट कोमट पाण्यात फेसाळू दे आणि मग त्यात मिसळ. चार वाट्या पीठ, दीड चमचा मीठ. दहा मिनिटं मळ. ओल्या फडक्याखाली दुप्पट होऊ दे. पुन्हा दाबून साच्यात घाल, पुन्हा फुगू दे, वर मूठभर ओट पेर आणि भाज. झाला की उलटा करून बुडावर टिचकी मार. रिकाम्या डब्यासारखा वाजला तर झाला. गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. आजी हातावर फटका मारायची, माझ्याही आणि तुझ्या बापाच्याही.

आता त्याचं नाव निघालंच आहे तर सांगते. ह्या पावातला एक घास त्याला देऊ नकोस.

तुला घरात कुणी सांगितलं नसेल. गावातल्या अकरा बेकऱ्यांतले सहाशे लोक आम्ही संपावर बाहेर काढले होते. मागणी एकच होती: पीठ चाळायच्या आणि मळायच्या खोल्यांत हवा बाहेर खेचणारे पंखे. ती धूळ रोज श्वासातून आत जात होती. तेरा दिवस अकरा धुराड्यांतून धुराची रेघ निघाली नाही. चौदाव्या दिवशी पहाटे एका धुराड्यातून निघाली. आमच्याच बेकरीच्या. आणि तिथला भट्टीवाला कोण? माझा धाकटा भाऊ, ज्याला मी बोट धरून त्या बेकरीत नेलं होतं. मालक गेटवर उभा राहून सगळ्यांना वर बोट दाखवत होता: बघा, बाईंच्या घरातच चूल पेटली! दोन दिवसांत अर्धे लोक आत गेले. संप मेला. मी सभेत उभी राहिले आणि त्याला फितूर म्हणाले. सगळ्यांसमोर, नातं आणि नाव घेऊन. त्यानं एक शब्दही उच्चारला नाही. निर्दोष माणूस गप्प राहत नाही.

पाव कसा झाला ते कळव.

आत्या

१९ फेब्रुवारी

आत्या,

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण माझी वीट दगडाला भारी निघाली. दुकानात एक तुकडा नेला होता. आमचे चष्मेवाले तो उजेडात धरून म्हणाले, "भिंगरी, हा जरा घासलास तर ह्याची काच होईल."

चूक मला सापडली. करंगळी बुडवली खरी, पण दहा आकडे भराभर मोजले. यीस्ट बिचारं भाजून मेलं.

दुसऱ्या वेळी फुगला. पण मळताना गोळा हाताला इतका चिकटत होता की मी पीठ घालत गेले. कोपरापर्यंत पीठ, नाकावर पीठ. झाला तो पाव खाता येत होता, पण घशाखाली जाताना अडत होता. तो मऊ व्हायला हवा आहे, आत्या. अगदी मऊ, ओलसर. त्यासाठी काय करू?

मला वाटतं, ओट आधी कोरडेच तव्यावर परतून घ्यावेत, वास सुटेपर्यंत. आणि हा पाव उतरत्या धगीत भाजायला हवा. म्हणजे भट्टी आधी कडक तापवायची आणि पाव आत गेला की आच कमी कमी करत न्यायची. ओला पाव चढत्या धगीत घातला तर वरून करपतो आणि आत गिच्च राहतो. असं कुठेतरी वाचलं.

संपाचं वाचलं. पंखे अजून लागलेले नाहीत.

भिंगरी

२५ फेब्रुवारी

भिंगरे,

ताकाला जाऊन भांडं लपवतेस?

"उतरती धग" हा शब्द कुठल्याही पुस्तकात नाही. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. तो भट्टीवाल्यांचा शब्द आहे. विटांच्या भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूसच तो बोलतो, आणि असा एकच माणूस तुझ्या घरात आहे. ओट परतून घ्यायचे हेही आजीचं नव्हे, माझंही नव्हे. ते त्याचं. तो पंधरा वर्षांचा असताना त्यानं हे काढलं आणि आजी म्हणाली होती, पोरगं माझ्या पुढे गेलं.

म्हणजे पाव त्यालाच हवाय! कृती त्याला माझ्यापेक्षा बरी येते. मग हे सोंग कशाला? एकोणीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आणि आता मुलीच्या आडून माझ्याशी पावाच्या गप्पा मारतो? त्याला म्हणावं, चालता-बोलता माणूस आहेस, हातात लेखणी धर. किंवा गाडीत बस, माझ्या दारात ये आणि माझ्या तोंडावर सांग की तू ती भट्टी का पेटवलीस. तेवढं धैर्य नसेल तर बाजारातला कापूस खा!

आणखी एक सांग त्याला. अजून दोन दिवस संप टिकला असता तर पंखे लागले असते. मालक वाकला होता, मला आतून कळलं होतं. आज त्या खोल्यांत जो कुणी खोकतोय, त्याचा खोकला कुणाच्या खात्यावर आहे ते त्यानं स्वतःला विचारावं.

तुझी चूक: चिकटतंय म्हणून पीठ घालत सुटलीस. ओटचा गोळा चिकटणारच. हाताला पीठ लावायचं नाही, पाणी लावायचं. आणि चिकटू द्यायचं. जगात सगळंच हात स्वच्छ ठेवून करता येत नाही.

आत्या

४ मार्च

आत्या,

तुझी पत्रं मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवते. त्यांना धरून वाचणं होत नाही, हात कापतात.

पहिल्या पत्रातलं "एक घास देऊ नकोस" मी गाळलं होतं. मी नुसती अडखळले, तेवढ्यावरून ते म्हणाले, "गाळलंस ते वाच. ताईचं वाक्य असं अर्ध्यात बसकण मारत नाही." वाचलं. त्यांना हसू आलं. हसण्यानं खोकला आला, आणि खोकल्यात पाऊण तास गेला.

चालता-बोलता माणूस नाही ते, आत्या. दीड वर्ष झालं. पलंगापासून दारापर्यंत सतरा पावलं आहेत. गेल्या महिन्यात ते दारापर्यंत जाऊन येत, आता सहाव्या पावलाला खुर्ची ठेवावी लागते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून दाखवला. मी काचा घासणारी बाई, धूसर काच कशी दिसते ते मला सांगावं लागत नाही. सगळी धूळ, पिठाची. संपानंतर सतरा वर्षं त्या खोल्यांत काढली त्यांनी. तू खोकल्याचं खातं विचारलंस. ते तुझं वाक्य त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं." पाण्याशिवाय आणि ह्या मऊ पावाशिवाय त्यांच्या घशाखाली आता काही उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, एक महिना. तोही त्यांनी जरा चाचरतच म्हटला.

मी "बाबा बरे आहेत" लिहिलं, कारण त्यांनी बजावलं होतं. "आजार कळवू नकोस. दया करायला आली तर मी भिंतीकडे तोंड करीन."

कृती त्यांना येते, हे तू बरोबर ओळखलंस. तरी ती तुझ्याकडून मागवायची हा त्यांचाच हट्ट. का, ते तुला कळायला हवं.

तुझा प्रश्न मी त्यांना विचारला. तुमच्यापैकी कुणीच विचारत नाही म्हणून मी विचारला. भट्टी का पेटवलीत?

ते थांबत थांबत बोलले, सगळा दुपारचा वेळ गेला. विटांची भट्टी दोन आठवडे गार राहिली की ओल धरते. मग एक दिवस ती एकदम पेटवली की वरची कमान तडकते. कमान गेली की नवी बांधायला तीन महिने. "संप जिंकून माणसं परत आली असती तर ती कशापुढे उभी राहिली असती?" म्हणून त्यांनी पहाटे चार लाकडं लावली. मालकाला विचारून नाही आणि मालकासाठी नाही. भट्टी जिवंत राहावी म्हणून. आणि धग उतरायला लागल्यावर ती वाया जाऊ देणं हाताला जमेना, म्हणून एक ओटचा पाव लावला. तो पाव मला आठवतो, आत्या. त्यांनी सदऱ्याच्या आत घालून आणला होता, आणि त्यांच्या पोटावर भाजल्याचा लाल डाग पडला होता.

मी म्हटलं, "आत्याला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर नाही म्हणाली असती."

"मग सभेत का बोलला नाहीत?"

"सभेत बोलायचं काम ताईचं. माझं काम भट्टीचं."

परवा मी हाताला पाणी लावून मळलं. चिकटू दिलं. पाव चांगला झाला. त्यांनी अर्धी चकती खाल्ली आणि बाकीची वासासाठी उशाशी ठेवायला लावली.

तो शब्द मागे घे, आत्या. सगळ्यांपुढे म्हटलास तो. त्यांना दुसरं काही नको, एवढंच हवंय. आणि ये.

भिंगरी

शुक्रवार, १४ मार्च

भिंगरे,

मी गावात आहे. कालच उतरले. कुठे ते सांगत नाही, कारण तू येशील आणि हात धरून ओढत नेशील. आधी काम पुरं करू दे.

तुझं पत्र वाचून मी किती वेळ जिन्यात बसून होते ते मला माहीत नाही. भट्टी तडकेल, हे मला सुचायला हवं होतं. मी त्याच बेकरीत बारा वर्षं पाव गुंडाळले. भट्टीवाल्यांना कमानीवरून हात फिरवताना मी रोज बघत होते. पण मला धूर दिसला आणि धुराखालचा माणूस दिसला नाही.

नियम नियम होता, हे मी अजूनही म्हणते. त्यानं मला विचारायला हवं होतं. पण नियम मोडणारा वेगळा आणि फितूर वेगळा. हा फरक मला कळत होता आणि मी तो केला नाही, कारण त्या दिवशी मला एक शब्द हवा होता, छोटा आणि धारदार.

तो शब्द मी सहाशे माणसांपुढे उच्चारला. आता उशाशी बसून कानात माफी पुटपुटू? भरचौकात डोकं फोडायचं आणि अंधाऱ्या खोलीत येऊन हळद लावायची, असली माफी ही चोरांची माफी. जिथे बोलले तिथेच मागे घेईन. त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावरून, त्याच लोकांपुढे. रविवारी सकाळी अकराला. त्याआधी लोकांना सुट्टी नाही.

दोन दिवस घरोघर फिरतेय. आज एकतीस दारं झाली. एकोणीस दारांच्या आत कुणीतरी खोकत होतं.

सभा संपली की सगळ्यांना घेऊन तुमच्या दारात येते. रिकाम्या हातानं त्याच्यापुढे उभं राहायचं नाही मला. त्याला काही सांगू नकोस. त्यानं मला येताना बघावं आणि मागे सगळी माणसं दिसावीत, एवढी माझी इच्छा आहे.

फक्त दोन दिवस.

आत्या

२४ मार्च

भिंगरे,

तुला पत्र लिहायचा हक्क मला उरलाय का, हे न विचारता लिहितेय. सभेचं तुला बाहेरून कळलं असेल. माझ्याकडून ऐक.

त्रेपन्न लोक आले. सगळे वेळेवर, सगळे गप्प. एकमेकांशीसुद्धा बोलत नव्हते. काही बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, मला इतक्या वर्षांनी बघून. बघ माझा अहंकार! मी पाऊण तास बोलले. आवाज अजून तसाच आहे, मेला जात नाही. मी म्हणाले, ह्या जागेवरून मी एका माणसाला फितूर म्हटलं. तो फितूर नव्हता. तो भट्टीवाला होता. आपण सगळे संप जिंकायचा विचार करत होतो, तेव्हा जिंकल्यानंतरच्या सकाळचा विचार करणारा तो एकटाच होता. त्याची चूक झाली असेल, पण गुन्हा माझा झाला. मी माझा शब्द तुमच्यासमोर परत घेते आणि आता त्याच्या घरी जाते, ज्यांना यायचं त्यांनी माझ्याबरोबर चला.

कुणी उठलं नाही. टाळी नाही, हाक नाही.

मग आपला गेटवाला म्हातारा, ज्याला सगळे मिशीवाले म्हणायचे, तो काठी टेकत पुढे आला. म्हणाला, "बाई, तो आज पहाटेच गेला. आम्हाला सकाळी कळलं."

मी म्हटलं, "मग मला थांबवलं का नाही कुणी?"

तो म्हणाला, "तुम्हाला कधी कुणी थांबवलंय, बाई?"

मी तशीच व्यासपीठावरून उतरले.

त्यानंतर मी तुमच्या दारात आले. तू दार उघडलंस, माझ्याकडे बघितलंस आणि एकच वाक्य बोललीस: "सभा झाली का?" तेवढं बोलून आत गेलीस. दिवसभर पुन्हा बोलली नाहीस. त्या एका वाक्यानं तू मला जी थोबाडीत मारलीस ती मी मोजून घेतली, आणि कमीच मारलीस असं माझं मत आहे. त्याच्याजवळ बसले होते. दाढी केलेली होती, धुतलेला सदरा होता. लहानपणी मी त्याला न्हाऊ घालायची तेव्हा दिसायचा तसा दिसत होता.

एकच विचारते. तू त्याला सांगितलं होतंस का, की मी गावात आहे? मी बजावलं होतं, सांगू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की कुणीतरी माझं ऐकलेलं नसावं.

आत्या

६ एप्रिल

आत्या,

ऐकलं नाही. तुझं पत्र शनिवारी सकाळी आलं आणि पाच मिनिटांत मी ते बाबांना वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "गावात आहे? मग उपाशी असेल. सभेच्या आधी ती दोन-दोन दिवस जेवत नाही. पाव लाव." मी ओट परतायला घेतले. ते पलंगावरून वासावर लक्ष ठेवून होते. "अजून कच्चे आहेत." "आता बास, उतरव." करंगळी बुडवली तेव्हा दहा आकडे त्यांनी मोजले, श्वास घेत घेत. मग म्हणाले, दाढी कर. मी म्हटलं, उद्या करू. म्हणाले, "उद्या गर्दी असेल."

शब्द मागे घ्यायचं वाचलं तेव्हा मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाले, "कशाला मागे घेते? धूर मीच काढला होता. नियम मोडला तो मोडला. तिचंही बरोबर, माझंही बरोबर. दोघांचं बरोबर असताना एकोणीस वर्षं गेली, ह्याचं वाईट वाटतं. तिला म्हणावं, मागे-बिगे काही घेऊ नकोस. नुसती ये."

आत्या, आता जे लिहितेय ते मी तीन वेळा लिहून फाडलं.

"त्यांना दुसरं काही नको, एवढंच हवंय" असं मी तुला लिहिलं होतं. ते बाबांनी कधीच म्हटलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडी मी घातलं. त्यांना पाव तुझ्या हातचा हवा होता. हात मिळत नाही म्हणून निदान तुझ्या शब्दांतला. तो शब्द मागे घेतलेला मला हवा होता. तू सभेत बोललीस आणि सोमवारी मी शाळेत गेले. माझ्या शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर बसली. तिचे वडील संपात होते. त्या वर्षी माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. फितुराची पोर. पुढे लोक विसरले असतील. मी काचा घासताना, गिऱ्हाइकानं आडनाव विचारलं की अजून माझा हात थांबतो.

शनिवारी "नुसती ये" असं ते म्हणाले, तेव्हाच मी तुला शोधायला निघायला हवं होतं. शेजारच्या काकू बसल्या असत्या. तू कुठे उतरली असशील ते गावात कुणीही सांगितलं असतं. दहा मिनिटांचं गाव आहे हे. मी चपला घातल्या. आणि काढल्या. कारण तुला आणलं असतं तर रविवारची सभा झाली नसती. मला ती सभा हवी होती. मी स्वतःला म्हटलं, आज त्यांना बरं वाटतंय, दाढी केलीय, हसतायत, एक दिवस थांबतील. आणि मी पाव मळत बसले.

संध्याकाळी पाव झाला. त्यांनी टिचकी मारून बघितला. गार होईपर्यंत कापू नको म्हणाले. पहाटे त्यांनी पाणी मागितलं, मी पेला भरून आणेपर्यंत ते गेले होते. त्या पावाचं काय झालं मला माहीत नाही. त्या दिवशी घरात खूप माणसं होती.

तू म्हणतेस मी थोबाडीत मारली. नाही, आत्या. मी खरंच विचारत होते. बाबा आत पडलेले होते, आणि मी दारात उभी राहून तुला विचारत होते, सभा झाली का. मला ते जाणून घ्यायचं होतं. तेव्हासुद्धा. म्हणून तुझ्याशी दिवसभर बोलू शकले नाही. तुझा राग नव्हता. माझी मला भीती वाटली.

भिंगरी

१२ एप्रिल

भिंगरे,

मी तो शब्द फेकला तेव्हा सभागृह भरलं होतं आणि मी समोरच्या सहाशे जणांकडे बघत होते. घरी आठ वर्षांची एक मुलगी सोमवारच्या शाळेची तयारी करत होती, ती मला दिसली नाही. मी फेकला त्याच्यावर आणि लागला तो तुला. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की माझं आणि माझ्या भावाचं भांडण आहे.

तू चपला काढल्यास. सभेआधी मी तुमच्या गल्लीतून दोनदा गेले, लोकांच्या दारांची यादी हातात घेऊन. तुमची खिडकी उघडी होती. आत कुणीतरी खोकत होतं आणि मी पाऊल उचललं, कारण यादीत अजून दारं उरली होती. हे मी तुला आधी लिहिलं नाही. आता तूही जाणतेस, मीही जाणते. ज्याला एवढंच हवं होतं की कुणीतरी यावं, त्याला आपण दोघींनी न्याय मिळवून दिला.

तुला मी दोष देणार नाही. न्याय मागायला मीच शिकवलंय लोकांना, जन्मभर, घसा फोडून. माणूस आधी की न्याय आधी, असं कुणी विचारलं की मी त्याला भित्रा म्हणायची. तू ते माझ्याकडूनच शिकलीस, मी घरात नसतानासुद्धा.

तू दारात विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. आता देते. हो, सभा झाली. तुझे बाबा फितूर नव्हते, असं मी त्रेपन्न माणसांपुढे म्हणाले, खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. तू फितुराची पोर नाहीस. कधीच नव्हतीस. आडनाव विचारलं तर सांग.

बुधवारी निघतेय. कुणाला कळवलेलं नाही. स्टेशनवरून सरळ घरी येते.

आत्या